घर बघायला परदेशी

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने परतल्यावर निदान महिनाभर तोंड बंद ठेवावं, असं माझं जुनं मत. आमच्या कॉलेजातले दोघे-तिघे सहलीच्या गाड्यांतून युरोप बघून आले होते आणि तिथल्या रस्त्यांची, फुलांची, स्वच्छतागृहांची वर्णनं करकरून त्यांनी स्टाफरूममध्ये उच्छाद मांडला होता. त्यामुळे माझी पाळी आली तेव्हा मी ठरवलं होतं, की आपण अहवाल लिहायचा, तो फाइलला लावायचा आणि गप्प बसायचं. पण झालं उलटंच. पंधरा दिवसांच्या त्या मुक्कामाबद्दल मला जेवढं बोलावं लागलं, तेवढं मी माझ्या लग्नाबद्दलसुद्धा बोलले नसेन.

मी भोरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यापीठाचा परदेशातल्या एका विद्यापीठाशी करार झाला. आपली मुलं एका सत्रासाठी तिकडे शिकायला जाणार, खर्च सगळा तिकडच्या विद्यापीठाचा. त्या करारात एक शहाणपणाचं कलम होतं. मुलं पाठवण्याआधी कॉलेजातल्या एका शिक्षकाने पंधरा दिवस तिकडे जाऊन राहायचं. मुलं कुठे राहतील, काय खातील, काय शिकतील ते डोळ्यांनी बघायचं, म्हणजे मुलांना आणि पालकांना नीट सांगता येईल. ही कल्पना ज्या कुणाची होती त्याला मी मनातल्या मनात शंभरपैकी शंभर दिले. जायला मात्र कुणी तयार होईना. कुणाचे गुडघे निघाले, कुणाच्या सुनेचं बाळंतपण निघालं, आणि दिवाळीच्या सुट्टीत मोकळी म्हणून मीच सापडले.

आमच्याकडून निवड झाली होती एकाच मुलीची. दुसऱ्या वर्षाला होती, वेल्ह्याच्या पुढच्या पासलीची. भोरला मुलींच्या वसतिगृहात राहायची. वर्गात बोलायची कमी, पण पान हातात दिलं की त्याचं गावाकडचं नाव, ते गुरं खातात की नाही आणि कुठल्या बांधावर उगवतं हे सगळं सांगायची, आणि मग मी शास्त्रीय नाव सांगितलं की ते असं लिहून घ्यायची जसं काही त्या झाडाचं आज बारसंच झालं. अशी मुलगी शिक्षकाला दहा वर्षांतून एकदा मिळते. तिच्या कागदांत एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे वडिलांची संमतीची सही.

वडील आले ते सही करायला नव्हे, चौकशीला. टोपी नीट केली, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "म्याडम, पोरगी धाडायची म्हंजे आदी घर बघाय पायजे का न्हाई?"

"घर नाही हो दादा, विद्यापीठ आहे ते."

"व्हय. पर ऱ्हाणार कुठं ती? घरातच ना? आन तुमी चालला हाय म्हनं तिकडं. मंग आमच्या वतीनं तुमीच बघून या."

मी म्हटलं, फोटो आहेत की सगळे, मोबाईलवर दाखवते. त्यांनी मोबाईलकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "दुरून डोंगर साजरे. आमी डोंगरातच ऱ्हातो, आमाला म्हाईत हाय."

मग त्यांनी मला घर कसं बघायचं ते शिकवलं. मी त्यांच्याहून वयाने मोठी, पण त्यांनी शिकवलं आणि मी ऐकून घेतलं. "सांगून जाऊ नका. सांगून गेलं की समदं सारवल्यालंच दिसतंय. आन घराची चवकशी घरात करू नका. गावच्या गिरणीत करा. दळणाला बाया बसल्याल्या असत्यात, त्या खरं बोलत्यात."

ते गेल्यावर मी जराशी चिडलेच होते. मुलगी शिकायला निघाली आहे आणि हे स्थळ बघायला निघाले आहेत. पण घर बघण्याच्या बाबतीत मला फार बोलायची सोय नाही. माझं लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाने माझ्या वडिलांना सांगितलं होतं, की मुलाच्या दारात नळ आहे. नळ होता. पाणी नव्हतं. ते पुढची चार वर्षं मी नदीवरून आणलं, आणि तो मध्यस्थ दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला येऊन सांगायचा, की मी खोटं काय बोललो होतो? त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही. तो बिचारा जाऊन बरीच वर्षं झाली.

तर मी गेले. समुद्राकाठचं लहानसं थंड गाव, दुपारी चार-साडेचारला दिवेलागण. विद्यापीठाच्या कचेरीतली माणसं अदबशीर होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला ग्रंथालय दाखवलं, प्रयोगशाळा दाखवली. काचेचं एक घर दाखवलं, त्यात बर्फाच्या देशात केळी वाढत होती. चौथ्या दिवशी वसतिगृह दाखवलं. खोली स्वच्छ, गादी नवी, खिडकीत कुंडी. मी सगळ्याला छान छान म्हणत होते आणि अहवालाचे रकाने भरत होते. आरोग्य विमा, आहे. सुरक्षा, चोवीस तास. शाकाहारी जेवण, मिळतं. सगळं सारवलेलं होतं.

कुंडी बघितली आणि मला दादांची आठवण झाली. कुंडीतलं रोप आदल्या दिवशी लावलेलं होतं, माती अजून बसलीसुद्धा नव्हती. हे बाकी कुणाला कळलं नसतं, पण त्यासाठी त्यांनी वनस्पतिशास्त्राची बाई बोलवायला नको होती.

मग मी सातव्या दिवशी न सांगता गेले. कपड्यांची पिशवी घेतली आणि वसतिगृहाच्या तळघरात कपडे धुण्याची यंत्रं होती तिथे जाऊन बसले. तीच त्यांची गिरणी. यंत्र फिरत असतं, उठून जाता येत नाही, आणि माणसाला बोलण्यावाचून दुसरं काम नसतं. मी तीन दिवस ओळीने गेले. तेवढे धुण्यासारखे कपडेही माझ्याकडे नव्हते, धुतलेलेच पुन्हा धुतले.

तिथे साफसफाई करणारी एक बाई होती, साठीची. ती त्या देशातली नव्हती, तरुणपणी कुठूनशी येऊन तिथेच राहिलेली. तिचं इंग्रजी माझ्या इंग्रजीइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं उत्तम जमलं. पोरांना हिवाळ्यात काय होतं, कुणाला घरची आठवण येते, कुठल्या देशाच्या मुली खोलीतून बाहेरच पडत नाहीत, हे सगळं तिला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ती सहज म्हणाली, तुमची मुलगी येणार, मग नाताळात कुठे राहणार?

मी म्हटलं, म्हणजे? ती म्हणाली, नाताळात वसतिगृह दोन आठवडे बंद असतं. कुलूप. सगळी मुलं आपापल्या घरी जातात.

आणि ज्यांचं घर सातासमुद्रापलीकडे आहे ती?

तिने खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत विचारलं. तिथला तरुण लाल झाला. म्हणाला, हो, बंद असतं खरं, पण बहुतेक मुलं मित्रांकडे जातात, शिवाय काही स्थानिक कुटुंबांची यादी असते, ती आम्ही वेळ जवळ आली की कळवतो. मी विचारलं, हे तुमच्या माहितीपुस्तिकेत कुठे आहे? त्याने पुस्तिका उघडली, चाळली, मिटली. अहवालाच्या नमुन्यातही त्याला रकाना नव्हता. मी तो कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला.

शेवटच्या रविवारी त्या बाईने मला घरी जेवायला बोलावलं. दोन खोल्यांचं घर, तिथे ती आणि तिची मांजर. मी मांस खात नाही हे तिला माहीत होतं, तिने बटाट्याचं काहीतरी केलं होतं आणि त्यात एवढी साय घातली होती की तिने दोनदा वाढलं तरी मी नको म्हटलं नाही. पंधरा दिवसांत मला घरी बोलावणारी ती एकटीच.

परत आल्यावर कॉलेज सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी मी मुलीला सगळं सांगितलं. तिला सांगायलाच हवं होतं. तिने ऐकलं, आणि मग माझ्या टेबलाची कड धरून म्हणाली, "मॅडम, ते दोन आठवड्यांचं घरी नका सांगू."

"का?"

"आप्पा सही करणार नाहीत. मी बघते माझं. ग्रंथालयात राहीन, कुठंपण राहीन. पण सांगू नका. माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलंय, आता घरात माझंच नाव निघणार. हे चुकलं की परत नाही मिळायचं."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी नुसतं बघू, म्हणाले. शिक्षकाने बघू म्हटलं की मुलं होच समजतात, हे मला चांगलं माहीत होतं, आणि तरी मी बघू म्हणाले.

पुढच्या रविवारी मी पासलीला गेले. वेल्ह्यापर्यंत एसटी, पुढे माणसं भरभरून नेणारी वडापची जीप. भात कापून झालं होतं, खळ्यावर झोडणी चालू होती, आणि सगळ्या गावाला पेंढ्याचा वास येत होता. दादांच्या अंगावर भुसा होता, हात धुऊन ते ओसरीवर आले. मुलीच्या आई आतून चटई घेऊन आल्या. बारीक, काटक बाई, बोलणं कमी. वसतिगृहातून आदल्या दिवशीच घरी आलेली मुलगी दाराशी उभी राहिली.

मी अहवाल दिला. न सांगता गेले, गिरणीत बसले, हे सांगितल्यावर दादा खूश झाले. गिरणी तळघरात असते आणि त्यात पीठ नव्हे, कपडे पडतात, याचं त्यांना नवल वाटलं. पाणी नळाला आहे आणि नळाला येतं, हेही मी मुद्दाम सांगितलं. खोली, गादी, जेवण, शिकवणारी माणसं. केळीच्या काचघराचं सांगितलं तेव्हा ते हसले, "तिकडं केळी, आन हितं आमच्या परड्यात येईना."

आईंनी चहा आणला. दादा म्हणाले, "बरं हाय की समदं. द्या कागुद, सही करतो." मुलीने आतून पेन आणलं. दादांनी कागद मांडीवर घेतला आणि सही कुठे करायची ते विचारलं. मी बोट दाखवलं.

आणि मी चहा पीत राहिले. लाज वाटते लिहायला, पण खरं आहे ते. मला वाटलं, आत्ता बोलून काय मिळणार? दोन आठवड्यांसाठी पोरीचं सगळं आयुष्य अडवायचं? होईल काहीतरी तिकडे, ती यादी येईल, मी रोज फोन करीन. प्रत्येक मध्यस्थ मनाला असंच समजावत असणार. दादा चष्मा शोधत होते म्हणून तेवढा वेळ मिळाला. चहा संपला, कप खाली ठेवला. चष्मा सापडला.

"दादा, थांबा," मी म्हणाले. "एक सांगायचं राहिलंय."

मी सांगितलं. मुलीने माझ्याकडे बघितलं नाही, ती वळून गोठ्याकडे निघून गेली. दादांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "म्हंजे सणासुदीला पोरांना घराबाहेर काढत्यात?"

"त्यांच्या दृष्टीने ते घर नाहीच, दादा. ते..."

"आमी दावणीचं जनावरबी सणाला बाहेर काढत न्हाई. शिंगं रंगवतो त्याची." कागद त्यांनी माझ्या पुढ्यात सरकवला. रागाने नव्हे, नीट दोन्ही हातांनी. तेच मला जास्त लागलं.

मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात आई पहिल्यांदा बोलल्या. "बाई, तुमी पंधरा दिस हुता. कुणाच्या घरी जेवला का?"

मी म्हटलं, एकीकडे जेवले. ती कोण, काय करते, ते सांगितलं.

"वाढलं कुणी? तिनं का तुमी घेतलं?"

"तिनेच वाढलं. दोनदा."

"घरात गडीमाणूस?"

"कुणी नाही. ती आणि मांजर."

"निघताना दारापातूर आली का रस्त्यापातूर?"

हे मला आठवावं लागलं. आली होती. थंडी एवढी होती की मी नको नको म्हणत होते, पण ती कोट घालून बसथांब्यापर्यंत आली आणि बस हलेपर्यंत उभी राहिली. मी ते सांगितलं. आई नवऱ्याकडे वळल्या. "आवं, त्या बाईला इचारू द्या की. ती हो म्हनली तर ते दोन आठवडं पोरगी तिच्याकडं ऱ्हाईल. कष्टाची बाई हाय, पोरीला उपाशी ठेवायची न्हाई."

"आन न्हाई म्हनली तर?"

"तर न्हाई धाडायची."

दादांनी खळ्याकडे बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. कागद मात्र त्यांनी स्वतःकडे घेतला, बिनसहीचा, आणि घडी घालून खिशात ठेवला.

मी त्या बाईला ईमेलवर पत्र लिहिलं. एवढं घाबरत मी माझ्या नोकरीचा अर्जही लिहिला नव्हता. परक्या देशातल्या, एकदाच जेवू घातलेल्या बाईला मी विचारत होते, की आमची मुलगी दोन आठवडे ठेवशील का? आठ दिवस उत्तर नाही. मुलगी वर्गात येत होती, बसत होती, पण मी पान दिलं तर ते हातात धरून नुसती बघत राहायची. नवव्या दिवशी बाईचं उत्तर आलं. दोन ओळी. हो, आणि तिला मांजराची भीती वाटत नाही ना?

मुलगी पुढच्या वर्षी पोळा झाल्यावर गेली. पुण्याला विमानतळावर जायला भोरहून गाडी केली होती. दादा तिच्याबरोबर गाडीत बसले, विमान हवेत गेल्याशिवाय हलणार नव्हते. मागची सीट सामानाने भरली होती, मुलीशिवाय एकाचीच जागा उरली होती, म्हणून आई आणि मी भोरच्या एसटी स्टँडवर मागे राहिलो. मुलीने दोघींच्या पाया पडून घेतलं, गाडी कापूरहोळच्या दिशेने गेली, आणि आम्ही दोघी वेल्ह्याच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो. आईंनी डोळे पुसले नाहीत, मी पुसले.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "बाई, त्या दोन आठवड्यांचं पोरीनं मला आदीच सांगितलं हुतं. तुमी यायच्या आदल्या दिशी, भात झोडताना. तुमाला सांगू नका म्हनून गळ घातल्याचंबी सांगितलं. तिला राहवलं न्हाई."

"म्हणजे मी आले तेव्हा तुम्हाला माहीत होतं? मग तुम्ही का नाही बोललात?"

"म्या कशाला बोलू? घर बघाय आमी तुमाला धाडलं हुतं. तिकडं काय झालं तर पोरगी आदी तुमाला सांगणार, आन तुमी आमाला. तवा तुमी खरं सांगताय का, ते मला बघायचं हुतं." त्यांनी पदर सारखा केला. "चहा संपला तरी तुमी बोलंना. म्या म्हनलं, संपलं आता."

वेल्ह्याची गाडी फलाटाला लागली. त्या पिशवी घेऊन उठल्या. मीही उठले आणि विचारलं, "आणि मी शेवटपर्यंत नसते बोलले तर?"

"तर म्याच न्हाई म्हनले असते," त्या म्हणाल्या. "पोरगी हितंच ऱ्हायली असती, आन का ते तुमाला कधीबी कळलं नसतं."